फुल रेंज, तरीही फोन लागत नाही

बाबांच्या ऑपरेशननंतरचे दोन आठवडे आमच्या घरातली एक खिडकी फार महत्त्वाची झाली होती. डॉक्टरांचा फोन आला की बाबा काठी टेकत त्या खिडकीपाशी जायचे, डावा खांदा गजांना लावून उभे राहायचे आणि मगच बोलायला सुरुवात करायचे. दोन पावलं आत सरकले की पलीकडचा आवाज तुटायचा. "अगं, परत कट झाला बघ," असं म्हणून ते फोन माझ्या हातात द्यायचे. गोळी अर्धी घ्यायची की पूर्ण, एवढंच विचारायला मी पुन्हा नंबर फिरवायचे आणि तो लागायचा नाही.

शेवटी कस्टमर केअरला फोन केला. बराच वेळ होल्डवर राहिल्यावर एक मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, आमच्या सिस्टिमवर तुमच्या भागात काहीच अडचण दिसत नाहीये. फोन एकदा बंद करून परत चालू करून बघता का?" माझा संताप झाला. पण ती खोटं बोलत नव्हती. तिच्या पडद्यावर खरंच सगळं हिरवं होतं आणि आमच्या घरात खरंच फोन लागत नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात, ते समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. तेच इथे मांडते आहे.

सुरुवात फोनच्या कोपऱ्यातल्या त्या चार-पाच दांड्यांपासून करू. आपण त्यांना रेंज म्हणतो आणि त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. पण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, याचा जगभर लागू असलेला एकही नियम नाही. प्रत्येक फोन कंपनी आपापलं गणित लावते. त्यामुळे एकाच सिमवर, एकाच टेबलावर ठेवलेले दोन फोन वेगवेगळ्या दांड्या दाखवू शकतात. २०१० मध्ये ॲपलने जाहीर पत्र काढून मान्य केलं होतं, की दांड्या ठरवण्याचं त्यांचं सूत्रच चुकीचं होतं आणि आयफोन कित्येकदा हव्या त्यापेक्षा दोन दांड्या जास्त दाखवत होता.

खरा आकडा दांड्यांच्या मागे लपलेला असतो. तो डीबीएम या एककात मोजतात आणि तो उणे असतो. उणे ८० म्हणजे चांगला सिग्नल, उणे ११० म्हणजे अगदी क्षीण. ८० आणि ११० यांत फार अंतर नाही असं वाटतं, पण हे एकक साध्या मोजपट्टीसारखं चालत नाही. दर १० अंकांना ताकद दहापटीने घटते. म्हणजे उणे ८० वरून उणे ११० वर आलात, तर फोनला मिळणारी ताकद १००० पट कमी झाली. अँड्रॉइड फोनमध्ये हा आकडा सेटिंग्जमधल्या 'फोनविषयी' या भागात, सिमच्या स्थितीखाली सापडतो. आयफोनवर डायल पॅडवर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबलं की चाचणीचा पडदा उघडतो. मी आमच्या घरात हातात फोन धरून खोल्याखोल्यांत फिरले. खिडकीत उणे १०१, पलंगापाशी उणे ११६. बाबा रोज जी दोन पावलं चालत होते, त्यांची ही किंमत होती.

घराच्या आतच एवढा फरक का पडतो? मोबाइलच्या लहरी टॉवरपासून सरळ रेषेत येऊन थांबत नाहीत. त्या भिंतींवर, गाड्यांवर, समोरच्या इमारतीवर आपटून, वेगवेगळ्या वाटांनी आपल्यापर्यंत येतात. काही ठिकाणी दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना बळ देतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात. १८०० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १८० कोटी कंपनं होणाऱ्या लहरीची लांबी साधारण १७ सेंटीमीटर असते आणि अशा चढउतारांमधलं अंतर त्याच्या निम्म्याइतकं, म्हणजे चारेक बोटं भरतं. म्हणून फोन एवढासा सरकवल्यावर आवाज सुधारतो. खांदा गजांना लावला तरच नीट ऐकू येतं, हे बाबांचं म्हणणं आम्ही आधी मनावर घेतलं नव्हतं. ते शब्दशः बरोबर होतं.

भिंतीचा प्रश्न वेगळा. लहर जितक्या कमी वारंवारतेची, म्हणजे सेकंदाला जितकी कमी कंपनं, तितकी ती लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी घरात बऱ्यापैकी पोहोचतात, पण वारंवारतांच्या त्या पट्ट्यांत जागा कमी, त्यामुळे डेटा कमी वाहतो. ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास, जिथे बरंचसं फाइव्हजी चालतं, तिथे डेटा भरपूर वाहतो, पण काँक्रीटच्या भिंतीपुढे तो पट्टा लवकर दमतो. म्हणूनच गच्चीवर फाइव्हजी भन्नाट पळतं आणि जिना उतरून घरात आलात की कोपऱ्यातली खूण बदलते. नव्या इमारतींत आणखी एक अडथळा असतो आणि तो डोळ्यांना दिसतच नाही. उष्णता अडवणाऱ्या खिडक्यांच्या काचेवर धातूचा अतिशय पातळ लेप असतो. साधी काच लहरींना फारशी अडवत नाही. लेप असलेली काच मात्र सिग्नल १००० पटीपर्यंतही खाऊ शकते. चहूबाजूंनी धातूचं वेष्टन असलं की आत लहर शिरत नाही, हे मायकेल फॅराडेने १८३६ मध्येच दाखवून दिलं होतं. लिफ्टचं दार बंद होताच कॉल तुटतो तो याच कारणाने.

आता एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याविषयीच आहेत. फोनवरचं बोलणं दुतर्फा असतं. दांड्या मात्र एकाच बाजूचं सांगतात: टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती ऐकू येतो, एवढंच. तुमच्या फोनचा आवाज टॉवरला ऐकू येतो का, याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. टॉवर एका पट्ट्यावर २० ते ४० वॅट किंवा त्याहूनही जास्त ताकदीने बोलतो. आपला फोरजी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट एवढ्याच ताकदीने उत्तर देतो. डोंगरावरून कुणी भोंग्यावर ओरडावं आणि खालच्याने कुजबुजून उत्तर द्यावं, तसं आहे हे. खालच्याला सगळं ऐकू येतं, वरच्याला काही नाही. "तुझा आवाज येतोय, माझा येतोय का? हॅलो? हॅलो?" हा आपल्या सगळ्यांच्या तोंडचा प्रकार बऱ्याचदा असाच घडतो. सिग्नल क्षीण असलेल्या जागी बॅटरी भराभर उतरते, तीही यामुळेच. फोन आपली सगळी ताकद लावून बोलत असतो आणि मधूनमधून दुसरा टॉवर शोधत असतो.

हे झालं दांड्या कमी असतानाचं. दांड्या पूर्ण आहेत, तरी नेट गोल गोल फिरतंय, याचं काय?

इथे आधी मोबाइलची मूळ रचना बघावी लागते. १९४७ मध्ये बेल लॅब्जमधल्या डग्लस रिंग यांनी एक टिपण लिहिलं. एक मोठा टॉवर उभारून सगळ्या शहराला पुरवण्यापेक्षा शहराचे छोटे छोटे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला स्वतःचा छोटा टॉवर द्यायचा आणि त्याच वारंवारता थोड्या अंतरावर पुन्हा वापरायच्या, अशी ती कल्पना. त्या भागाला सेल म्हणतात आणि सेल्युलर हा शब्द तिथूनच आला. ही कल्पना प्रत्यक्षात यायला तीसेक वर्षं गेली. हातात धरायच्या फोनवरून पहिला कॉल मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये केला आणि पहिलं व्यापारी सेल्युलर जाळं १९७९ मध्ये टोकियोत सुरू झालं.

या रचनेतली मेख अशी, की एका सेलमध्ये जेवढी माणसं आहेत, ती सगळी एकाच टाकीतून पाणी भरतात. २० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरणारा साधा फोरजी सेल अगदी आदर्श स्थितीत सेकंदाला सुमारे १५० मेगाबिट देतो. हा आकडा संपूर्ण सेलचा आहे, एका माणसाचा नाही. रात्री नऊला सगळे एकाच वेळी व्हिडिओ बघायला बसले की प्रत्येकाच्या वाट्याला थेंब येतात. तुमच्या दांड्या मात्र तशाच पूर्ण, कारण त्या टॉवरच्या आवाजाची ताकद मोजतात, टाकीत पाणी किती उरलंय ते नाही.

ही वाटणी मोजण्याचं शास्त्र मोबाइलपेक्षा कितीतरी जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणितज्ञ आग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये फोन येण्याच्या योगायोगात काय नियम दडलाय ते मांडलं, आणि १९१७ मध्ये इतक्या लायनी असतील तर किती कॉल अडतील याचं सूत्र दिलं. एक लाइन पूर्ण वेळ व्यापली तर तो भार एक एरलांग. समजा १० लायनी आहेत आणि भार ५ एरलांगचा आहे. मग १०० पैकी जेमतेम २ कॉल अडतात. भार दुप्पट करा, १० एरलांग. आता अडणारे कॉल दुप्पट होऊन ४ होत नाहीत, २१ होतात. गर्दी वाढत जाते तेव्हा बराच वेळ काही जाणवत नाही आणि मग एकदम सगळं कोसळतं. "कालपर्यंत तर चांगलं चालत होतं" असं आपण म्हणतो, ते या गणिताशी जुळणारंच आहे.

कॉलची एक वेगळी गंमत आहे, ती थोडक्यात सांगते. फोरजीच्या जाळ्यावर आवाजही डेटासारखाच जातो, त्याला व्होल्टी म्हणतात. फोनमध्ये ती सोय बंद असेल किंवा कंपनीला तो फोन चालत नसेल, तर कॉल करताना फोन जुन्या टूजी किंवा थ्रीजीवर उतरतो. थ्रीजी अनेक देशांत बंद झालंय. त्यामुळे नेट चालतंय पण फोन लागत नाही, किंवा फोन चालू असताना नेट मरतं, असं झालं तर टॉवरला दोष देण्याआधी सेटिंग्जमध्ये व्होल्टी चालू आहे का ते बघा. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंगही चालू करा. बाबांच्या फोनमध्ये ते बंदच होतं. ते चालू केल्यावर पलंगावर पडल्या पडल्या बोलता यायला लागलं. हे कस्टमर केअरच्या एकाही माणसाने पाच कॉलमध्ये सुचवलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि पावसाबद्दल एक. पाऊस पडला की रेंज जाते असं आपण सर्रास म्हणतो. फोन ज्या वारंवारतांवर बोलतो त्यांना पावसाच्या थेंबांनी जवळपास काही होत नाही. पण कित्येक टॉवर एकमेकांशी तबकड्यांमधून, खूप जास्त वारंवारतेच्या मायक्रोवेव्ह लहरींनी जोडलेले असतात आणि त्या मात्र मुसळधार पावसात खरोखर अडतात. तुमच्या आणि टॉवरच्या मधलं सगळं ठीक, टॉवरच्या मागची वाट बंद. अशा वेळी दांड्या पूर्ण दिसतात आणि नेट मेलेलं असतं.

आता त्या हिरव्या पडद्याकडे येऊ.

कंपनीच्या नकाशावर एखादा भाग रंगवलेला असतो, तेव्हा तिथे कुणी जाऊन मोजलेलं असतंच असं नाही. तो नकाशा बहुतेक वेळा संगणकाने काढलेला अंदाज असतो: टॉवरची उंची, अँटेनाची दिशा, जमिनीचे चढउतार यांवरून. तोही सहसा घराबाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०१९ मध्ये तीन कंपन्यांच्या नकाशांची पडताळणी करून अहवाल दिला. त्यांच्या माणसांनी गाडीतून फिरून मोजलं, तर नकाशात सांगितलेला किमान वेग केवळ ६२.३ टक्के चाचण्यांत मिळाला. रंगवलेल्या नकाशाची ही अवस्था, तर त्यावर बोट ठेवून "तुमच्याकडे नेटवर्क आहे" असं सांगणाऱ्या माणसाच्या हाती तरी काय असणार?

दुसरं कारण सरासरीचं. ५० सेलच्या भागात ४९ सेल व्यवस्थित चालतात आणि एकाचं वाटोळं झालंय असं धरा. अहवालात त्या भागाचा आकडा झकास दिसतो. पण त्या एका सेलखाली राहणाऱ्यांना तो आकडा काय कामाचा?

तिसरं कारण मला कळलं तेव्हा मी थक्क झाले. नेटवर्कच्या नियंत्रण कक्षात टॉवर बिघडला की लाल दिवा लागतो. पण काही वेळा टॉवर चालू असतो, वीज असते, यंत्रणा "सगळं ठीक" कळवत असते आणि तरी तो सेल कुणाचे कॉल घेतच नाही. या क्षेत्रातली माणसं त्याला स्लीपिंग सेल, म्हणजे झोपलेला सेल म्हणतात. त्याची घंटी वाजत नाही. तो सापडतो तो तिथली वर्दळ अचानक का घटली हे कुणी बघितलं तर, किंवा लोकांच्या तक्रारींवरून. म्हणजे काही बिघाडांची पहिली खबर देणारी घंटी आपणच असतो. आपली तक्रार गंभीरपणे घेतली जावी असं मला इतकं मनापासून वाटतं, ते यामुळे.

मग ती घेतली का जात नाही? कारण आपला फोन ज्या माणसाकडे जातो, त्याच्याकडे टॉवर दिसणारा पडदाच नसतो. त्याच्यासमोर तुमचं बिल, तुमचा प्लॅन, एक ढोबळ नकाशा आणि प्रश्नांची ठरलेली यादी असते. त्या यादीत फोन बंद करून चालू करणं सर्वांत वर असतं, आणि ते अगदीच पोकळ नाही: फोन जाळ्यातून बाहेर पडून नव्याने नोंदणी करतो, चुकीच्या टॉवरला चिकटला असेल तर सुटतो. विमान मोड चालू करून बंद केला तरी तेच होतं. पण एकदा हे करून झालं की त्या माणसाच्या हातातलं हत्यार संपतं. तिथे कॉल किती मिनिटांत उरकला यावर त्याचं काम मोजलं जातं. तुमचं ऐकून घेण्यात गेलेली दहा मिनिटं त्याच्या खात्यात उणे पडतात. नम्रपणे लवकर फोन ठेवणं, हे त्याच्या नोकरीने त्याला शिकवलेलं असतं.

आणि होल्डवरची ती वाट? तिथेही एरलांगच भेटतात. किती कॉलला किती माणसं बसवायची, हे कॉल सेंटर त्यांच्याच सूत्रांवरून ठरवतं. एकच माणूस फोन घेतोय आणि एका कॉलला सरासरी ५ मिनिटं लागतात असं समजा. तो ८० टक्के वेळ कामात असेल तर आपण सरासरी २० मिनिटं थांबतो. ९० टक्के झाला तर ४५ मिनिटं. ९५ टक्के झाला तर ९५ मिनिटं. माणसं जास्त असली की वाट कमी होते, पण वळण तेच राहतं. पगार वाचवायला माणसं अगदी काठोकाठ वापरली, की रांग फुटते. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे वाक्य तासभर ऐकवलं जातं, तेव्हा तिथे किती माणसं बसवायची हे कुणीतरी आकडेमोड करून आधीच ठरवलेलं असतं. ते फोन उचलणाऱ्याने ठरवलेलं नसतं. त्याच्यावर ओरडू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

ओरडण्यापेक्षा तक्रारीची भाषा बदलणं उपयोगी पडलं. "नेटवर्कच नाही हो" ही तक्रार पुढच्या पातळीवर इंजिनिअरकडे गेली, तरी त्याला काहीच सांगत नाही. मी एका वहीत चार दिवस नोंदी केल्या. तारीख, वेळ, खोली, डीबीएमचा आकडा, फोनवर फोरजीची खूण होती की दुसरी, कॉल लागलाच नाही की लागून तुटला, किती सेकंदांनी तुटला. चाचणीच्या पडद्यावर सेलचा क्रमांक दिसतो, तोही लिहिला. घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये तेच सिम घालून पाहिलं, म्हणजे फोनचा दोष नाही हे ठरलं. शेजारच्या काकूंचं त्याच कंपनीचं सिम, त्यांनाही संध्याकाळी तोच त्रास होता. त्यांचीही तक्रार वेगळी नोंदवली. एकाच सेलवर दोन घरांच्या तक्रारी जमल्या की ती एका ग्राहकाची कुरकुर राहत नाही.

वहीत एक गोष्ट उघड दिसली. खिडकीत फोन एका सेलवर असायचा, आत आला की दुसऱ्या, लांबच्या सेलवर उडी मारायचा आणि तिथेच कॉल तुटायचा. हे मी लेखी तक्रारीत दोन ओळींत लिहिलं, बाकी संताप वगळला. सहाव्या दिवशी कंपनीच्या एका इंजिनिअरचा स्वतःहून फोन आला. पहिला प्रश्न होता, "ताई, तो सेल नंबर तुम्ही कुठून घेतला?" त्यांनी पाचच मिनिटं बोलून, आमच्या बाजूला तोंड असलेल्या अँटेनाचा झुकाव तपासायला माणूस पाठवतो असं सांगितलं. आठवडाभरात पलंगापाशी उणे ११६ चा उणे १०७ झाला. फार नाही, पण कॉल टिकायला पुरला.

काही व्यावहारिक गोष्टी. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. "आपली तक्रार सोडवली आहे" असा मेसेज न सोडवताच आला, तर नवी तक्रार करू नका. त्याच क्रमांकावर ती पुन्हा उघडायला सांगा. नव्या तक्रारीत दिवस पहिल्यापासून मोजले जातात आणि जुनी कागदावर सुटलेली राहते. पुढची पायरी कंपनीचा वरचा तक्रार अधिकारी आणि त्यानंतर ग्राहक आयोग. तिथे तुमची वही आणि तक्रार क्रमांकांची यादीच कामी येते. बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर परवानगीशिवाय लावू नका. अनेक देशांत ते बेकायदा आहेत, आणि चुकीचा बूस्टर टॉवरच्या कानाशी गोंगाट करून आजूबाजूच्या सगळ्यांचेच कॉल बिघडवतो. फोनवर "फक्त आपत्कालीन कॉल" असं दिसत असेल, तर तुमच्या कंपनीचं जाळं नसलं तरी दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून आपत्कालीन क्रमांक लागू शकतो. घरातल्या वयस्कर माणसांना हे मुद्दाम सांगून ठेवा.

आणि एवढं करून कंपनी बदलायचं ठरलंच, तर आधी नवं सिम एखाद्या जुन्या फोनमध्ये घालून आठ दिवस वापरून बघा. दुकानात पूर्ण दांड्या दिसल्या म्हणून नंबर हलवू नका. चाचणी तुमच्याच घरात, जिथे बसून तुम्ही बोलता त्याच जागी घ्या, आणि रात्री नऊला एकदा नक्की घ्या.